कापड नंतर निवडा, आधी सोफा उलटा करा

पत्र थोडक्यात: लातूरच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय त्रेचाळीस, घरी शिकवण्या घेतात. यजमानांचं मोंढ्यात अडतीचं दुकान आहे, घरात दोन मुलं आणि सासूबाई. २०१९ साली ताईंनी भिशीच्या पैशांतून ३८ हजारांचा एल आकाराचा सोफा घेतला. आता त्याच्या रेक्झिनचे पापुद्रे निघताहेत आणि मधली बैठक खचली आहे. वरच्या खोलीत सासऱ्यांनी १९९५ मध्ये सुताराकडून करून घेतलेला लाकडी सेट पडून आहे: तिघांची एक बैठक आणि दोन खुर्च्या. त्याची नवार लोंबते, गाद्यांचे गोळे झालेत. त्याचं लाकूड औसा तालुक्यातल्या गावच्या माळवदाचं आहे. १९९३ च्या भूकंपानंतर घर उतरवलं, तेव्हाच्या सागवानी तुळया. कुशनवाल्याने एल सोफ्याचे १९,५०० सांगितले, जुन्या सेटचे पॉलिशसकट १७,०००. जुनं फर्निचर घेणारा एक जण तो सेट अडीच हजारांना न्यायला तयार आहे. ताईंचा बेत असा की जुना विकायचा आणि एल सोफा महालक्ष्म्यांच्या आधी नवा करून घ्यायचा. सासूबाईंना हे मान्य नाही. "सहा वर्षांत त्या नव्या सोफ्यावर धड बसल्या नाहीत, मुद्दाम प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात," असं ताई लिहितात. पुण्याचे मोठे दीर फोनवर "बाबांची आठवण आहे, विकू नका" म्हणतात, पण नेत नाहीत. मुलगा म्हणतो दोन्ही काढा, ऑनलाइन २८ हजारांत नवा मिळतो, हप्त्याने घेऊ. यजमान म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. ताईंचा प्रश्न: जुन्यावर एवढे पैसे घालणं शहाणपणाचं आहे का, आणि घालायचेच तर कशावर?

ताई,

तुम्ही आकडे इतके व्यवस्थित लिहून पाठवलेत की माझं निम्मं काम तिथेच झालं. एक आकडा मात्र पत्रात नाही, आणि मला सगळ्यात आधी तोच हवा आहे. एल सोफ्यावर घरातल्या मोठ्या माणसाला बसवा आणि दबलेली बैठक जमिनीपासून किती इंचांवर राहते ते टेपने मोजा. मग सासूबाईंच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची उंची मोजा.

माझा अंदाज सांगते. सोफा तेरा-चौदा इंचांवर येत असेल आणि खुर्ची सतराच्या आसपास भरेल. शिवाय खुर्चीला दोन हात असतात, त्यांवर जोर देऊन उठता येतं. एल सोफ्याच्या मधल्या जागेला धरायला काहीच नसतं, आणि बैठक दोन फूट खोल असली तर पाठ टेकवायची म्हटलं की बुटक्या माणसाचे पाय अधांतरी राहतात. तुम्ही लिहिता की त्या मुद्दाम बसत नाहीत. असेलही, मी काही तुमच्या घरात राहत नाही. पण पाहुण्यांसमोर सोफ्यावरून उठायला सुनेचा हात मागायचा, त्यापेक्षा "मला आपली ही खुर्चीच बरी" म्हणणं सोपं जातं. गुडघे दुखतात हे आपल्याकडच्या बायका डॉक्टरलाही तिसऱ्या भेटीत सांगतात.

मोजून बघा. माझा अंदाज चुकला तर हा परिच्छेद सोडून द्या. बरोबर निघाला, तर एल सोफ्यावर १९,५०० घालून घरातल्या एका माणसाची अडचण तशीच राहणार आहे, कारण नव्या कापडाने उंची वाढत नाही.

आता तुमचा बेत. एक सोफा सहा वर्षांचा, दुसरा तीस वर्षांचा. म्हणून पहिला राखायचा आणि दुसरा काढायचा. वरवर बघता बरोबर वाटतं. पण कुशनच्या कामात वय कापडाचं आणि फोमचं मोजतात. सांगाड्याचा हिशेब वेगळा असतो. दोन्ही सोफ्यांचं कापड आणि फोम तर बादच झालंय, तेव्हा तुम्ही पैसे घालणार ते सांगाड्यावर. मग सांगाडा बघितल्याशिवाय ठरवायचं कसं? हॉलमधला सोफा मुलांच्या मदतीने उलटा करा. खाली काळं पातळ कापड स्टेपलरच्या पिनांनी मारलेलं असेल. त्याची एक बाजू हळूच सोडवून मोबाइलच्या उजेडात आत बघा.

आत काय दिसेल ते मी खात्रीने सांगू शकत नाही, पण त्या किमतीच्या बऱ्याच एल सोफ्यांत जंगली लाकडाच्या पातळ पट्ट्या, प्लाय आणि काही ठिकाणी भुशाचा दाबून केलेला बोर्ड असतो, सगळं खिळ्या-पिनांवर जोडलेलं. तो बोर्ड फरशी पुसताना लागलेल्या पाण्याने फुगतो, आणि एकदा फुगला की त्यात पिन धरत नाही. कुशनवाला नवं कापड ताणून पिना मारणार त्या याच लाकडात. जुन्या पिनांच्या भोकांनी आधीच चाळण झालेल्या कडेला नवी पिन किती दिवस धरेल, हे कारागिराला थेट विचारा. चांगला कारागीर खरं सांगतो. तुमच्या कुशनवाल्याने एल सोफ्याचा दर जास्त सांगितला त्याचं कारणही समजून घ्या: त्याला पाठ, बाजू, खालची किनार असं सगळंच झाकावं लागतं, कापड खूप जातं. म्हणजे जास्त पैसे जातील कापडात आणि मजुरीत, आणि ते बसेल कमकुवत सांगाड्यावर.

पापुद्र्यांबद्दलही एक गैरसमज तुमच्या पत्रात डोकावतो, की दुकानदाराने फसवलं किंवा मुलांनी खराब केलं. दोन्ही असेलच असं नाही. ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो त्यातल्या एका प्रकारात कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ऊन, दमट हवा, घाम आणि डोक्याचं तेल यांनी तो थर काही वर्षांत आपोआप सुटतो. दुसरा प्रकार पीव्हीसीचा, तो सुटत नाही पण कडक होऊन चिरतो. मे महिन्यात बेचाळीस अंशांत आपल्याकडे दोन्हींचं आयुष्य कमीच, आणि त्यावर बसलेल्या माणसाची पाठही चिकटते ती वेगळीच. एकदा पापुद्रे सुटायला लागले की ठिगळ, चिकटपट्टी, बाजारात मिळणारा रंग, यातलं काहीही टिकत नाही. त्यात पैसे घालू नका.

आता वर चला. जुन्या सेटमधल्या तिघांच्या बैठकीचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच बरोबर उठला तर सांगाडा घट्ट आहे. तो जमिनीलाच चिकटून राहिला आणि मध्ये पीळ पडला तर सांधे ढिले झालेत. ढिले असले तरी घाबरू नका. लाकडाचं टोक दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसवून केलेला सांधा सुतार खोलतो, जुना सरस खरवडतो, पुन्हा डकवून रात्रभर आवळून ठेवतो, की पुढची वीस वर्षं बघायला नको. फक्त "ताई, एक खिळा मारतो" म्हणणारा सुतार नको. खिळ्याने लाकूड तडकतं आणि सांधा वर्षभरात पुन्हा हलतो.

मग किडा. सेटखाली आठ दिवस वर्तमानपत्र पसरून ठेवा. कागदावर पिठासारखा भुगा पडला आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे. सागाच्या आतल्या तपकिरी गाभ्याला वाळवी आणि किडा सहसा लागत नाहीत. बाहेरच्या फिकट भागाला लागतात, आणि सुतारांनी तोही भाग वापरलेला असतो. थोडंफार असेल तर पॉलिशच्या आधी भोकांत औषध सोडून घ्यायचं. पेचकस टोचल्यावर तो आत घुसत असेल तर मात्र तेवढा तुकडा बदलावा लागेल. आणि ढेकणं! नवारीच्या घड्या, खिळ्यांची भोकं, गादीची शिवण नीट बघा. बंद पडलेल्या खोलीतला सोफा आहे, लाजण्यासारखं काही नाही. तिथे सापडली तर ती वस्तू तपासून, फवारून घेतल्याशिवाय खाली हॉलमध्ये आणू नका.

हे सगळं ठीक निघालं, तर ताई, माझं मत स्पष्ट आहे: तुमचा बेत उलटा करा. पैसे जुन्या सेटवर घाला.

यात आठवणींचा भाग मी मुद्दाम मध्ये आणला नाही. किल्लारीच्या त्या पहाटेनंतर ज्या घरांनी माळवदं उतरवली, त्यांच्या तुळयांचं काय मोल असतं ते तुमच्या सासूबाईंना मी काय सांगणार. पण तुम्ही त्या भूकंपाच्या वेळी शाळेत होतात, आणि ती आठवण तुमच्या डोक्यावर ओझं म्हणून ठेवायचा हक्क कुणाला नाही. म्हणून मी नुसत्या लाकडाचा विचार केला. माळवदाच्या तुळया छताखाली कित्येक दशकं वाळलेल्या असतात. असं लाकूड आता पिळत नाही, तडकत नाही. सागवान घनफुटाला हजारांत विकलं जातं. लातुरात लाकडाच्या वखारी आहेत, एखाद्या वखारीत जाऊन आजचा भाव विचारून या आणि मग तो अडीच हजारवाला आठवा. तो माणूस वरचा मजला चढून तुमचा जुना सोफा न्यायला तयार आहे, यावरून काय ते समजा.

मुलाचा मुद्दा मी सोडलेला नाही. तो म्हणतो सतरा हजार दुरुस्तीला घालण्यापेक्षा अकरा हजार जास्त घालून कोरा घेऊ. पण हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. सतरा हजारांत सागवानी सांगाड्यावरची नवी बैठक मिळते. अठ्ठावीस हजारांत तुम्ही २०१९ मध्ये ३८ हजारांना घेतलेल्या वस्तूची आणखी स्वस्त आवृत्ती मिळेल. सहा वर्षांनी तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. आणि हप्त्याबद्दल: शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात दडवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. तरी जाहिराती चालूच आहेत. मुलाला रोख किंमत आणि हप्त्यांची बेरीज, शुल्क धरून, शेजारीशेजारी लिहायला सांगा. वाद घालायची गरज पडणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलेलं वाक्य मात्र मला या सगळ्या हिशेबापेक्षा खरं वाटलं, की जुना सेट खाली आणला तर "शेवटी त्यांचंच खरं झालं" असं होईल. एल सोफा तुमच्या भिशीचा होता. सासरच्या घरात तुम्ही स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या पसंतीने आणलेली ती पहिली मोठी वस्तू असणार. ती सहा वर्षांत फाटली याचं वाईट वाटतं आणि ते वाटू द्यावं. पण ते वाईट वाटणं भरून काढायला आणखी १९,५०० लागणार असतील तर ती भरपाई महाग आहे. जुन्या सेटचं लाकूड सासऱ्यांचं. त्यावरचं कापड, रंग, हॉलमध्ये तो कुठे आणि कसा मांडायचा, यात कुणाची लुडबुड चालू देऊ नका. सासूबाईंची सुद्धा नाही. त्यांना हवी ती उंची द्या, रंग तुमचा. गडद पॉलिश आवडत नसेल तर जुनं घासून काढून फिकट, लाकडाचे रेषे दिसतील असं करून घ्या. तीस वर्षांपूर्वीचा तो लालसर काळपट रंग ठेवलाच पाहिजे असा काही नियम नाही.

दिरांना एक फोन करा, पॉलिशच्या आधी. "एक खुर्ची तुम्हाला हवी असेल तर न्या, नसेल तर आम्ही सगळा सेट करून घेतोय," एवढंच. उत्तर काहीही आलं तरी पुढची दहा वर्षं "आम्हाला विचारलं नाही" ऐकावं लागणार नाही.

आता काम कसं करून घ्यायचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसे इथेच बुडतात किंवा वाचतात.

महालक्ष्म्यांच्या आधीचा हट्ट सोडा. भाद्रपद पावसाळ्यातला. दमट हवेत लाखेचं पॉलिश आणि लॅकर पांढरट पडतं, सुकत नाही. सणाच्या तोंडावर कारागिराकडेही रांग असते आणि घाईत फोमची कटाई चुकते. शिवाय तीन दिवस हॉलमध्ये मखर असणार, सोफा भिंतीला किंवा बाहेर जाणार आणि बायका सतरंजीवरच बसणार. ज्या सोफ्यावर कुणी बसणारच नाही तो महालक्ष्म्यांसाठी कशाला नवा करायचा? तोवर एल सोफ्यावर एखादं तयार ताणाचं कव्हर किंवा जाड सोलापुरी चादर चालेल. सुतारकाम आणि पॉलिश दसऱ्याच्या सुमारास पाऊस थांबल्यावर काढा, कुशन त्यानंतर. क्रम हाच ठेवा: आधी सुतार, मग पॉलिश, मग नवार किंवा पट्टे, मग फोम, शेवटी कापड. उलट्या क्रमाने केलं की नव्या कापडावर पॉलिशचे डाग पडतात आणि दोघेही कारागीर एकमेकांकडे बोट दाखवतात.

१७,००० हा एकच आकडा घेऊ नका. सुतारकाम, पॉलिश, पट्टे, फोम, कापड, शिलाई आणि मजुरी यांचे वेगवेगळे आकडे कागदावर मागा. फोमची घनता आणि जाडी, कापड किती मीटर, काम कधी देणार, उचल किती, हे त्याच कागदावर. तोंडी बोली कितीही चांगल्या माणसाशी झाली तरी दिवाळीच्या गर्दीत त्याच्याच लक्षात राहत नाही.

फोममध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानात हाताने दाबून कडक लागला की आपण म्हणतो चांगला आहे. कडकपणा वेगळा आणि घनता वेगळी. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. हलका फोमही कडक बनवता येतो, तो पहिल्या दिवशी छान वाटतो आणि वर्षा-दीड वर्षात खड्डा पडतो. बैठकीला ४० डेन्सिटीचा पाच इंची फोम घ्या, पाठीला ३२ किंवा २८ चा चार इंची मऊ चालतो, तिथे वजन कमी पडतं. आता तपासायचं कसं? यजमान मोंढ्यातले, काट्याचं त्यांना नव्याने सांगायला नको. बावीस इंच लांब, बावीस रुंद आणि पाच इंच जाड असा ४० चा तुकडा सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम भरला पाहिजे. ३२ चा असेल तर सव्वा किलोच्या जरा वर भरेल. पाच-पन्नास ग्रॅम इकडेतिकडे सोडून द्या, पण सव्वा किलोच्या तुकड्याचे ४० चे पैसे देऊ नका. कव्हर शिवण्याआधी फोम काट्यावर ठेवायचा, नंतर नाही. "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणणाऱ्या यजमानांना हे एवढं एक काम जरूर द्या.

तुमच्या एल सोफ्याचा फोमही फेकायच्या आधी बघा. मधला खचलाय, पण कोपऱ्यातला आणि पाठीचा फार दबलेला नसेल. हाताने दाबून सोडल्यावर लगेच वर येत असेल तर तो जुन्या सेटच्या पाठीच्या गाद्यांत कापून वापरता येतो. भिशीचे थोडे पैसे तिथून परत मिळतील. निकामी फोम मात्र जाळू नका, त्याचा धूर विषारी असतो. जुन्या गाद्यांत कापूस निघाला तर तो वाळवून पिंजून घ्या, पाहुण्यांसाठी एक गादी होते.

नवारीऐवजी आता रबर भरलेले ताणाचे पट्टे मारतात. ते चांगले, पण आडवे-उभे विणून आणि जवळजवळ मारलेले हवेत. पैसे वाचवायला नुसते आडवे चार मारले की फोम कितीही चांगला असला तरी मधे झोळ येतो. सुती नवार आवडत असेल तर तीही चालते, फक्त दोन-तीन वर्षांनी ताणून घ्यावी लागेल.

कापडाचा अंदाज तुम्ही स्वतः काढू शकता. सोफ्याचं कापड सहसा ५४ इंच पन्ह्याचं येतं. वर सांगितलेल्या मापाच्या एका गादीला, वरची-खालची बाजू आणि कडा धरून, साधारण एक मीटर जातं. पाच बैठका आणि पाच पाठी मिळून दहा मीटर. मोठी फुलं किंवा पट्टे जुळवायचे असतील तर दोन मीटर जास्त. कारागीर पंधरा म्हणाला तर कुठे लागतात ते विचारा. पडद्याचं कापड सोफ्याचं म्हणून खपवतात. ते पातळ असतं, उजेडासमोर धरलं की आरपार दिसतं. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा, रुमालाला रंग लागला तर ते कापड घेऊ नका. दोन्ही अंगठ्यांनी विण ताणून बघा, धागे सरकून फट पडली तर शिवणीवर तेच होणार.

प्रकार कुठला? सुती आणि पॉलिस्टरचं मिश्रण, जाड विणीचं. निव्वळ सुती उन्हाळ्यात अंगाला बरं, पण धुतल्यावर आटतं, म्हणून घ्यायचं तर कापायच्या आधी भिजवून वाळवा. मखमलीच्या नादी लागू नका; आपल्याकडची धूळ तिच्यात जाऊन बसते ती निघत नाही. सगळ्या गाद्यांना चेन लावून घ्या, कव्हर काढून धुता आलं पाहिजे. आणि धुणं म्हटलं की पाणी आलं. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला मी पांढरा सोफा सुचवणार नाही. अगदी गडद निळा किंवा काळाही नको, त्यावर धूळ पांढरी उठून दिसते. दोन-तीन रंगांच्या धाग्यांची मिसळ असलेलं, मध्यम छटेचं कापड सगळं पोटात घेतं. डोकं टेकतं तिथे वेगळे छोटे रुमालासारखे तुकडे त्याच कापडाचे शिवून घ्या. तेलाचे डाग पडले तर तेवढेच धुवायचे.

तुमच्या मैत्रिणीने सुचवलेल्या हिमरूबद्दल: छत्रपती संभाजीनगरचं हिमरू मलाही फार आवडतं, आणि ते विणणारे हात आता फार उरले नाहीत, म्हणून घ्या जरूर. पण ते रेशीम आणि सुताचं नाजूक विणकाम आहे. रोजच्या बसण्या-उठण्याच्या घासणीला ते उतरणार नाही. दोन सुट्या उशांची कव्हरं करा, बैठकीवर नको.

सगळं काम एकदम देऊ नका. कापड मात्र एकदमच घ्या, एकाच ताग्यातलं, कारण पुढच्या ताग्याचा रंग थोडा तरी वेगळा येतो. आधी फक्त एक खुर्ची पूर्ण करून घ्या. ती सासूबाईंच्या मापाची: बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि हातांवर जोर देऊन उठता आलं पाहिजे. सतरा इंच जमतंय की अठरा, ते त्या दोन आठवडे बसल्या की कळेल. गरज पडली तर पायांखाली लाकडी ठोकळे देऊन तेवढीच एक खुर्ची उंच करता येते. शिलाई कशी आहे, पायपिंग सरळ आहे का, चेन अडकते का, हेही त्या एका खुर्चीवर दिसेल. नाही आवडलं तर उरलेलं काम दुसऱ्याकडे द्यायला तुम्ही मोकळ्या. कारागीर कुरकुर करेल, एका खुर्चीसाठी फेरा पडतो म्हणेल. त्या फेऱ्याचे शंभर-दोनशे जास्त द्या.

ज्यांच्या घरी सागवानी काही नाही अशा वाचकांसाठीही थोडं. पाय उचलण्याची, उलटा करून बघण्याची परीक्षा कुठल्याही सोफ्याला लागू आहे, आणि साध्या लाकडाचा पण घट्ट सांगाडा असेल तर कुशन बदलणं परवडतं. कापड चांगलं आणि फक्त बैठक खचली असेल तर नुसता फोम बदला, कव्हर तेच ठेवा. याचा विचार लोक करतच नाहीत. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांची बैठक खालच्या चार स्क्रूंवर असते, ती काढून नवं कापड पिनांनी मारणं घरच्या घरी दुपारभरात होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी जड सोफ्याच्या फंदात न पडता दिवाण आणि कापसाची गादी-लोड करून घ्यावेत. ट्रकमध्ये चढवताना मला दुवा द्याल.

एल सोफ्याचं शेवटी काय? फोम काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा भंगारवाला कदाचित फुकटही नेणार नाही. तो जाईल तेव्हा हॉल काही दिवस रिकामा दिसेल, तर दिसू द्या. त्या अडीच हजारवाल्याला मात्र आजच फोन करून नाही म्हणा, कारण असे लोक यजमान एकटे घरी असतानाच येतात. आणि पहिली खुर्ची झाली की फोम काट्यावर किती भरला ते मला नक्की कळवा.